तीन वाघिणींवरचा देवमासा

केळझरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा ज्यांच्याकडे मी खोली भाड्याने घेतली, त्या घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय की व्हायचंय हेही विचारलं नाही. माझी पत्र्याची पेटी ओट्यावर टेकली तसे ते म्हणाले, “गुरुजी, तुमचा साबण दाखवा बरं.”

मी साबण काढून दिला. नव्या नोकरीच्या आनंदात वर्ध्याहून घेतलेली, चांगल्या वासाची विलायती वडी होती. त्यांनी ती नाकाशी धरली, उलटसुलट केली, नखाने खरवडून बोटांत चोळली आणि मला विचारलं, “याच्यात कोन हाये?”

काय आहे असं नव्हे, कोण आहे. मी म्हटलं, तेल असेल, सोडा असेल.

“तेल त असनच. पन कोनाचं?”

त्यांनी वडी परत केली आणि म्हणाले, “राहू द्या. तुमी वापरा, मले नोका देऊ.” ते स्वतः रिठ्याच्या पाण्याने अंघोळ करत आणि ते पाणी डोळ्यांत गेलं की साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी बोंब मारत. रोज सकाळी. मी तिथे राहिलो तेवढ्या काळात ती बोंब चुकली असं कधी झालं नाही.

उंच, वाळकुडा माणूस. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. तरुणपणी ते वर्ध्याला रेल्वेत फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकायचं काम. तिथून काय डोक्यात आलं कोण जाणे, मुंबईला गेले आणि एका आगबोटीवर तेच काम धरलं. आगबोटीवरून उतरले ते थेट आफ्रिकेत, डर्बनच्या बंदरावर. तिथे बरीच वर्षं काढून स्वातंत्र्यानंतर गावी परत आले. इकडे त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सासू-सासऱ्यांचं केलं, त्यांना पोचवलं आणि टेकडीखालचं शेत एकटीने सांभाळलं. नवरा आला तेव्हा तिने भाकरी वाढली आणि कुठे होता हे विचारलं नाही. तिने विचारावं म्हणून ते पुढची सगळी वर्षं वाट पाहत राहिले.

फायरमनचा हात मात्र त्यांच्या अंगातून गेला नव्हता. चुलीत लाकूड सरकवायचं तरी पाय फाकवून, कंबर वळवून, झोकाने. एकदा गोवरी अशी फेकली की आधणाचं भांडं कलंडलं. “चूल हाये थे! इंजन नोय!” काकू ओरडल्या. ते शांतपणे म्हणाले, “आग पातळ पसरली पायजे. ढीग केला का धूर होते.” आणि खरं सांगतो, त्यांनी पेटवलेल्या चुलीला धूर नसायचा. पण त्या चुलीवर भाकरीही धड भाजली जायची नाही, हेही तितकंच खरं.

गावात त्यांना ‘वाघीणवाले’ म्हणत. त्यामागचा किस्सा मला मोटार स्टँडवरच्या चहावाल्याने पहिल्याच आठवड्यात ऐकवला. वर्धा-नागपूर मोटारी तिथे थांबत, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी त्याच्या किटलीजवळून जायची आणि जाताना थोडी फुगायची.

घरमालक परत आले त्या संध्याकाळी पारावर माणसं जमली. तिकडे काय काम करत होता, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, “देवमासे न्याचं. एकेक मासा असा मोठा, का त्याले तीन वाघिणी लागत.”

आता रेल्वेतल्या माणसाला वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. वर्ध्याच्या यार्डात दिवसभर तोच शब्द. पण केळझरला बोरच्या जंगलातून उतरलेली वाघीण अधूनमधून एखादी कालवड उचलून न्यायची, तिथे या शब्दाला दुसरा अर्थ असायचं कारणच नव्हतं.

“तीन वाघिनी? अन् त्या मासा वढत?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

रेल्वेच्या अभिमानाने हे उसळले. “वाघीन कायले वढन? वढते इंजन! मासा वाघिनीवर ठेवत. एकीवर डोस्कं, एकीवर पोट, एकीवर शेपूट. साखळीनं बांधत.”

“अन् वाघिनी गप उभ्या राहत?”

“बिरेक लावल्यावर कुठी जातीन?”

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं, की हा माणूस अशा मुलखात राहून आला जिथे मासे वाघिणींवर बसून फिरतात. घोटाळा त्यांच्या ध्यानात आला तोवर उशीर झाला होता. एकदा हसू फुटलं की खुलासा कोण ऐकतो? चहावाल्याने तर निकालच लावून टाकला. “डर्बन-फर्बन काई नाई. जबलपूरच्या जेलात होता. जेलात बसून मानूस अशाच गोठी जोडते.”

मासा खरा असेल असं गावात एकालाच वाटत होतं. तो त्यांच्या शेतावरचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. मी केळझरला आलो त्याच वर्षी दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला होता. चहावाल्याने त्यालाही टोचलं, तेव्हा तो म्हणाला, “एवढे लोक एका दिवसात बदलून घरी आले, थे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. तीन डब्ब्याचा मासा काऊन नसन मंग?” चहावाल्याने उगाच किटली हलवली.

मीसुद्धा सुरुवातीला त्यांचं बोलणं करमणूक म्हणून ऐकायचो. संध्याकाळी ओट्यावर बसून ते सांगत. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली जाई, देवळात बोलावं तसा. जहाजं शेपटीला साखळी लावून मासे ओढत आणत. बुडू नये म्हणून पोटात हवा भरलेली. मग उतरणीवरून वर खेचून डब्यांवर चढवत, आणि ह्यांचं छोटं इंजिन ते ओझं समुद्रकाठाने कारखान्यापर्यंत नेई. “देवमासा म्हनतेत, पन मासा नोय तो,” ते म्हणत. “गरम रगताचा हाये. मेल्यावर बी किती येळ आतून गरम राहे, हात लावला का समजे. त्याच्या जिबेवर एक हत्ती उभा राहीन गुरुजी. डोळा मात्र लहान. नारळाएवढा. थो उघडाच राहे.”

एकदा त्यांनी दुधाची गोष्ट सांगितली. पोटुशी किंवा लेकुरवाळी मादी मारू नये असा नियम होता म्हणे, पण पाण्यात कोण बघतं? अशी एक मादी डब्यावर आली आणि उतरणीवरून दूध वाहत रुळांवर आलं. दाट, लोण्यासारखं. ह्यांनी इंजिन थांबवायला सांगितलं, ड्रायव्हरने थांबवलं नाही. “तिचं पिल्लू दर्यात काय करत असन?” त्यांनी मला विचारलं. मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. मला काय ठाऊक? मी त्या संध्याकाळी जेवलो नाही, एवढंच आठवतं.

आणि मग ते वाघिणींवर येत. त्यांचं सगळं ज्ञान तिथे साठलेलं होतं. “सुरुवातीले तीन लागत. मंग दोन पुरू लागल्या. मी निंगालो तवा मासा एका वाघिनीत मावे, अन् साहेब लोक म्हनत, यंदा लहान मासे आले. आले कायचे? मोठे सरले होते, लेकरं राह्यली होती. थे लेकरं मारून राह्यले होते.” पिल्लू दोन-तीन वर्षांनी एकच होतं, मोठं व्हायला कितीतरी काळ जातो, आणि मारणाऱ्या बोटी मात्र दर वर्षी वेगवान होत होत्या. पूर्वी वल्ह्याची होडी आणि हाताचा भाला होता, तेव्हा त्या जनावराला निसटायची संधी होती. आता तोफेतून भाला सुटतो, आत जाऊन त्याचा बॉम्ब फुटतो. आणि दक्षिणेकडच्या बर्फाच्या समुद्रात तर अख्खा कारखानाच जहाजावर तरंगतो, किनाऱ्यावर यायचीही गरज नाही. हे सगळं कशासाठी? साबण, यंत्रांचं वंगण, गोऱ्या लोकांच्या पावावर लावायचं नकली लोणी. हाडं दळून खत. तेव्हा कुठे मला त्यांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न कळला. माझ्या वडीत खरंच कोणी होतं की नव्हतं, देव जाणे. पण त्यानंतर मी त्या साबणाने तोंड धुतलं की मला कसंतरी व्हायचं, आणि शेवटी मीही रिठ्यावर आलो. बोंब मात्र मारली नाही.

रविवारी मी वर्ध्याच्या वाचनालयात जाई आणि देवमाशांची काही बातमी दिसली की त्यांना येऊन सांगे. एकदा वाचलं, की सगळ्या देशांनी मिळून वर्षाला किती मारायचे याची हद्द ठरवली आहे, पण मोजणी निळ्या देवमाशाच्या मापाने. एक निळा म्हणजे दुसऱ्या जातीचे दोन, आणखी लहान जातीचे सहा. सगळ्या जहाजांची मिळून एकच हद्द, त्यामुळे हंगाम सुरू झाला की जो तो आधी धावतो, आणि सगळ्यात मोठ्याच्याच मागे धावतो. मला वाटलं हद्द ठरली हे ऐकून त्यांना बरं वाटेल. ते संतापले. “हे त साऱ्या गावाच्या रमन्यातलं गवत झालं! जो आधी कापन त्याचं. मापावर निळाच ठेवला म्हनल्यावर निळा राहीन कसा?”

मग जरा वेळाने हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, माहा साक्षीदार सरून राह्यला.”

हा माणूस कशात अडकला आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या आयुष्याची मधली सगळी वर्षं त्या एका जनावरावर उभी होती. जनावर खरं, तर ते खरे. ते जगातून गेलं, तर उद्या कोणीही म्हणेल, असं काही नव्हतंच, हा जेलात होता किंवा तिकडे दुसरी बायको करून राहिला होता. गावाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. “गाव गेलं खड्ड्यात. पन तिनं एकडाव हो म्हनाव, का तुमी खरे हा.”

काकू तसं म्हणत नव्हत्या. गोष्ट सुरू झाली की त्या उठून गायीला कडबा टाकायला जात. मी एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाल्या, “मानूस इतके वर्स घर सोडून राहते, त त्याले काईतरी सांगावंच लागते ना गुरुजी. सांगू द्या. मी खोटं बी नाई म्हनत अन् खरं बी नाई म्हनत. मले त फक्त येवढं मालूम हाये, का मी इथी होती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मी वर्ध्याहून एका इंग्रजी मासिकातलं देवमाशाचं चित्र आणलं. तळहाताएवढं. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हा त वाम दिसते.” आमच्याकडच्या नदीत सापडते ती सापासारखी वाम. घरमालकांनी चित्राची घडी घालून खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोर आणि खुंट्या घेऊन शेताकडे निघाले.

टेकडीखालच्या त्या शेतात दरवर्षी हरभरा असायचा आणि सगळ्यांसारखा कडेने, म्हणजे धुऱ्यावर, जवस. जनावरं जवसाला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कडेला. त्या वर्षी ह्यांनी जवस मधोमध पेरला. सालदाराने दोर धरला, ह्यांनी डबे मोजल्यासारखी पावलं टाकली. इथे डोकं, इथे पोट, इथून निमुळतं होत शेपूट. आतली रेघ न् रेघ हाताने जवस फेकून भरली, तोच फायरमनचा झोका. भोवताली हरभरा. काकू धुऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, “जवस कोनी मदात पेरते? लोक हासतीन.” ते म्हणाले, “हासूनच राह्यले.”

आता इतक्या वर्षांनी मी बातम्या वाचतो. देवमाशांची शिकार बहुतेक देशांनी सोडली. पण प्रचंड जहाजांच्या धडकेने ते मरतात, मासेमारीच्या जाळ्यांत गुंतून मरतात, आणि समुद्रात यंत्रांचा इतका गोंगाट झाला आहे की त्यांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही. निळे अजूनही पूर्वीसारखे झालेले नाहीत. हे वाचलं की मला आफ्रिका आठवत नाही, समुद्रही आठवत नाही. तो मी पुष्कळ पुढे पाहिला. मला ते हरभऱ्याचं शेत आठवतं.

जवसाचं फूल निळं असतं. ते सकाळी उन्हाबरोबर उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. दुसऱ्या दिवशी नवी फुलं येतात. थंडी चांगली पडली, बहर ऐन भरात आला, तेव्हा घरमालकांनी मला सांगितलं, “उद्या शाळा टेकडीवर भरवा.” मी पोरांना घेऊन निघालो. पोरांमागे त्यांच्या आया आल्या, आयांमागे रिकामे बाप आले. सालदारही बायकोला घेऊन आला आणि टेकडीवरच्या देवळाकडे न वळता जुन्या किल्ल्याच्या पडक्या तटापाशी जाऊन उभा राहिला. तिथूनच शेत नीट दिसत होतं. त्याआधी, मी घरून निघालो तेव्हा, काकू दारात आल्या होत्या. गुडघ्यांनी त्या बेजार असत, टेकडी चढून त्यांना वर्षं झाली होती.

“हात द्या गुरुजी,” त्या म्हणाल्या. “काल भाजी खुडाले गेलती. त्या जवसात शिरली, त चालता चालता सरेच ना थो. मले पाहू द्या काय हाये त.”

वर पोचलो तेव्हा खाली नुसतं धुकट हिरवं होतं. शेताच्या मध्ये एक बंडी उभी होती, बैलजोडी जुंपलेली. ती ह्यांनी मुद्दाम उभी केली होती, आणि तिच्याजवळ ते स्वतः उभे होते. कोणीतरी हसलं. मग ऊन टेकडीवरून उतरत उतरत शेतावर पोचलं, आणि फुलं उमलायला लागली.

आधी पाठ दिसली. मग बाजू. मग ते एवढं मोठं डोकं, आणि पार दुसऱ्या टोकाला फाकलेली शेपूट. हिरव्या शेतात एक निळा देह आडवा पसरला होता, आणि त्याच्या जबड्याशी बैलबंडी म्हणजे पोराच्या खेळण्यातली बंडी. तिच्याजवळचा माणूस तर मुंगीएवढा. वारा आला की जवस हलायचा आणि तो निळा रंग डोक्यापासून शेपटीपर्यंत सरकत जायचा. माझ्या वर्गातली एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, “गुरुजी, तो सास घेऊन राह्यला.” कोणी हसलं नाही. असलं काही या पृथ्वीवर जिवंत पोहतं, श्वास घेतं, पिल्लाला दूध पाजतं, आणि मी त्याच पृथ्वीवर राहतो, याचं मला रडू येईल की काय असं वाटलं.

घरमालक वर चढून आले. धापा टाकत काकूंच्या शेजारी उभे राहिले, पण त्यांच्याकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता. काकू बराच वेळ खाली बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “इतका मोठा, मंग मोजला कसा तुमी? थो काय थांबला होता मोजाले?”

इतक्या वर्षांत डर्बनबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

“मेला होता,” ते म्हणाले. “मेल्यावरच माह्याकडं येत.”

“जिता नाई पाह्यला?”

“नाई. जिता कोनालेच पुरा दिसत नाई. पान्यावर फकत सास दिसते, फवाऱ्यावानी. त्या सासावर तोफ मारतेत. केवढा मारला थे मारनाऱ्याले मालूम नसते.” ते थांबले. “आमाले मालूम राहे. अन् मी कोळसा टाकत राहो.”

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. थोड्या वेळाने त्या तटाच्या दगडावर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झाडली. ते तिथे बसले. मी पोरांना घेऊन जरा बाजूला झालो. माणसं एकेक करून कामाला गेली, ऊन चढलं, पण ती दोघं उठली नाहीत. खाली निळं विरळ होत चाललं होतं. पाकळ्या गळत होत्या. आधी शेपूट हिरव्यात मिसळली, मग पोट, मग डोकं कुठे सुरू होतं तेही सांगता येईना. दुपारच्या सुमाराला खाली सपाट हिरवं शेत होतं आणि त्यात उगाच उभी असलेली एक बंडी.

तेवढ्यात मोटारीची गर्दी उरकून चहावाला धापा टाकत वर आला. त्याने डोळ्यांवर हात धरून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तोंडभर हसला. “कुठी हाये वो तुमचा तीन वाघिनीचा मासा? मले त काईच दिसत नाई.”

घरमालकांनी मान खाली घातली. काकू गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

“होता,” त्या म्हणाल्या. “म्या पाह्यला.”